निगुतीने घडवलेला आवाज, चुरगळलेला शर्ट : 'नेव्हरमाइंड'

24 सप्टेंबर 1991 रोजी निर्वाणा या तीन जणांच्या अमेरिकन रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला, तेव्हा अमेरिकेतील दुकानांत त्याच्या सुमारे 46 हजार प्रतीच पाठवण्यात आल्या होत्या. 11 जानेवारी 1992 च्या, अमेरिकेतील अल्बमच्या खपाच्या बिलबोर्ड यादीत मात्र त्याने मायकल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला मागे टाकून पहिले स्थान मिळवले. रॉकचा आवाज आणि पेहराव दोन्ही बदलणारे वर्ष म्हणून 1991 कडे पाहिले जाते, ते मुख्यतः या अल्बममुळे. त्याची एलपी, म्हणजे दोन बाजूंची मोठी तबकडी, अलीकडे पुन्हा पुन्हा लावून ऐकल्यावर माझे मत असे झाले आहे की, ओबडधोबडपणासाठी नावाजलेला हा अल्बम प्रत्यक्षात अतिशय निगुतीने घडवलेला आहे. खरा ओबडधोबडपणा होता तो वादकांच्या अंगावरच्या कपड्यांत.

हेडफोन लावून ऐकताना हे लगेच ध्यानात येते. कडव्यात गिटार हळू आणि धृपदात कानठळ्या बसवणारी, ही युक्ती पिक्सीज या बँडकडून घेतल्याचे निर्वाणाचा गायक आणि गिटारवादक कर्ट कोबेन याने स्वतः मान्य केले होते. पण धृपदात त्याचा आवाज जो भरदार होतो, त्याचे कारण एकच ओळ त्याने दोनदा गाऊन एकावर एक चढवलेली आहे. कोबेन असे करायला तयार नव्हता. बीटल्सचा जॉन लेननही असेच करायचा, असे सांगून निर्माता बुच विग याने त्याला राजी केले. त्यावर अँडी वॉलेसच्या मिक्सिंगने, म्हणजे वेगवेगळे ध्वनिमुद्रित आवाज एकत्र बसवण्याच्या कामाने, गिटारीला आणि डेव्ह ग्रोलच्या ड्रमला जी झळाळी आणली, ती पुढे कोबेनलाच खटकू लागली. मला ती खटकत नाही, कारण रेडिओवरच्या सफाईदार गाण्यांच्या रांगेत या गाण्यांना जागा मिळाली ती याच झळाळीमुळे. अपवाद 'टेरिटोरियल पिसिंग्ज'चा. तिथे कोबेनने अॅम्प्लिफायर न वापरता गिटार थेट मिक्सिंग डेस्कला जोडली आणि तो खरखरीत, अंगावर येणारा आवाज तसाच राहू दिला.

कपड्यांची गोष्ट उलट्या दिशेने गेली. तोवर लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील क्लबांत वाजवणारे हेअर मेटल या भडक रॉक प्रकारातले बँड अंगाला चिकटणारे स्पॅन्डेक्सचे कपडे, फवारे मारून उभे केलेले केस आणि मेकअप यांत रंगमंचावर येत. वॉशिंग्टन राज्यातील थंड, पावसाळी हवेत राहणारी ही मुले जुन्या कपड्यांच्या दुकानांतले फ्लॅनेलच्या मऊ कापडाचे चौकड्यांचे शर्ट, स्वेटर आणि फाटक्या जीन्स एकावर एक चढवत, कारण ते स्वस्त आणि उबदार होते. अल्बममधल्या पहिल्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' या गाण्याचा व्हिडिओ सुरू होतो तोच ताल धरणाऱ्या कॅनव्हासच्या बुटावर. चमचमत्या पेहरावाला आव्हान द्यायला तेवढा एक बूट पुरला. ऑक्टोबर 1991 मध्ये एमटीव्हीच्या 'हेडबँगर्स बॉल' या मेटलच्या कार्यक्रमात कोबेन बायकांचा पिवळा बॉल गाऊन घालून गेला. पुरुषी मिजाशीच्या त्या अड्ड्यावर हे करायला लागणारे धैर्य मला कुठल्याही फाटक्या जीन्सपेक्षा मोठे वाटते. पुढे नोव्हेंबर 1992 मध्ये फॅशन डिझायनर मार्क जेकब्जने पेरी एलिस या कपड्यांच्या कंपनीसाठी फ्लॅनेलच्या चौकड्या रेशमावर उतरवल्या आणि त्या संग्रहापायी त्याची नोकरी गेली.

अर्थात हेअर मेटल एका रात्रीत संपले, हे म्हणणे मला पटत नाही. सप्टेंबर 1991 मध्येच आलेले, सनसेट स्ट्रिपवरच घडलेल्या गन्स अँड रोझेस या बँडचे 'यूज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग यादीत पहिल्या दोन स्थानांवर होते.

एलपीची पहिली बाजू जवळजवळ निर्दोष आहे. दुसऱ्या बाजूवर 'स्टे अवे' मला केवळ आरडाओरड वाटते, पण 'लाउंज अॅक्ट'मधला क्रिस्ट नोव्होसेलिचचा बास त्याची भरपाई करतो. केवळ पहिले गाणे ऐकून हा अल्बम बाजूला ठेवलेल्यांनी शेवटच्या 'समथिंग इन द वे'साठी तरी तो विकत घ्यावा. कोबेन कंट्रोल रूममधल्या कोचावर पडून इतक्या हलक्या आवाजात ते गायला की विगला फोन बंद करावा लागला आणि वातानुकूलन यंत्रही थांबवावे लागले. बेसूर झालेल्या त्या गिटारीमागे चेलो हे तंतुवाद्य इतके दबकत येते की, ते नेमके कुठल्या क्षणी सुरू झाले हे मला अजूनही पकडता आलेले नाही.