सेकंडहँड वेल्डिंग रोबोट, ११ महिने वापरल्यावर: आधी सेल बघा

पोळा, तान्हा पोळा आणि त्याला लागून आलेला रविवार, असे तीन दिवस नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप बंद होतं. सुट्टीत मेन स्विच पाडून जायचं, ही बाबांच्या काळापासूनची पद्धत. सोमवारी मेन टाकला तर रोबोटला आपला हात कुठे आहे तेच कळेना. पेंडंटवर, म्हणजे रोबोट हातात धरून चालवायच्या रिमोटवर, अलार्म. सांधे एकेक करून हलत होते, पण टोकाची वेल्डिंग टॉर्च सरळ रेषेत न्या म्हटलं की नाही. प्रोग्राम शाबूत होते, पण ज्या शून्यापासून मोजायचं तो शून्यच गेला होता.

कारण काय, तर बॅटरी. प्रत्येक मोटरला फेरे मोजणारा एन्कोडर असतो. मोटर किती फेरे फिरली हा त्याचा हिशेब लाइट नसतानाही राहावा म्हणून हाताच्या पायथ्याशी सेल बसवलेले असतात. आमच्या मॉडेलला डी साइझचे दीड व्होल्टचे ४ अल्कलाइन सेल लागतात, मोठ्या बॅटरीत (उजेडाच्या) टाकतो तसले. चारही मिळून हजाराच्या आत. म्हणजे ९ लाख मोजून आणलेलं मशीन हजार रुपयांच्या सेलपायी ४ दिवस उभं! विक्रेत्याला फोन केला, तर म्हणे, "बॅटरी वॉरंटीत येत नाही हो." नसेल येत. पण ती वेळेवर बदलावी लागते, हे पैसे घेताना एका शब्दाने सांगायला काय जात होतं? मॅन्युअलसुद्धा दिलं नाही. पुण्याहून इंजिनिअर बोलावला. १८,००० व्हिजिटचे, प्रवास आणि राहणं वेगळं. तोवर ट्रॅक्टरचे ब्रॅकेट दोन वेल्डरांनी रात्री जागून हाताने मारून दिले.

इथवर त्याच आठवड्यात, चिडून लिहिलं होतं. आता महिना झाला. काही गोष्टी दुरुस्त करून सांगायला हव्यात.

पहिली म्हणजे मशीनने सांगितलं होतं. इंजिनिअरने अलार्मची यादी मागे नेली, तर बॅटरी कमी असल्याची सूचना कितीतरी वेळा येऊन गेलेली. रोबोट चालवणाऱ्या पोऱ्याला विचारलं, काहून नाही सांगितलं रे? तो म्हणाला, "भाऊ, श्रावण लागला तेव्हापासून येत होती. रिसेट मारलं की जात होती ना." त्याला काय बोलणार. इंग्रजीतली ती ओळ कशाची, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मीही नाही.

दुसरी, शून्य परत लावताना मी शेजारी उभा होतो. प्रत्येक सांध्यावर दोन बाजूंना दोन बारीक खुणा असतात, त्या एका रेषेत आणायच्या. तिसऱ्या सांध्याची खूण दिसेचना. कोणीतरी वरून रंग मारलेला, त्यावर स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडालेले थेंब, चिकटलेला. इंजिनिअरसाहेबांनी थिनरच्या फडक्याने घासून ती काढली, मोबाइलचा उजेड धरला आणि हात इतका हळू हलवला की हलतोय हे कळत नव्हतं. मला वाटलं, केसभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? त्यांनी हिशेब मांडला. हाताची पोच १.४ मीटर. बुडाच्या सांध्यात ०.१ अंश चुकला तर टोकाला जवळपास २.४ मिमी. आमची वेल्डिंगची वायर १.२ मिमीची. म्हणजे दोन वायरींएवढी सरकून वेल्ड जोडाच्या बाहेर पडणार. तरी नंतर टॉर्चच्या वाटेवरचे ३० च्या वर पॉइंट पोऱ्याने एकेक करून पुन्हा शिकवले, त्यात दीड दिवस गेला.

बाकी मशीनबद्दल तक्रार नाही. कंट्रोलर, म्हणजे रोबोट चालवणारी पेटी, ४५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचा असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा तिथेच असतो. मला तीच भीती होती. सकाळी सहा ते बारा काम केलं, पंख्याची जाळी दर शनिवारी धुतली, एकदाही बंद पडला नाही. हो, फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारा साचा, नीट पाहिजे. वेल्डर फट दिसली की हात फिरवून भरतो. आमच्या रोबोटला डोळे नाहीत, तो शिकवलेल्या वाटेनेच जातो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी एवढं करा: पैसे देण्याआधी पायथ्याचं झाकण स्वतः उघडा, सेल मल्टिमीटरवर तपासा, सहाही सांध्यांच्या खुणा दिसतात का बघा. सेल बदलताना कंट्रोलर चालूच ठेवायचा, बंद करून काढले की हिशेब गेलाच. मी नवीन सेल टाकून पायथ्यावर ऑइल पेंटने तारीख लिहिली आहे. वर्षाने बदलायचे, अलार्म येवो न येवो.

परवा त्याच विक्रेत्याचा फोन होता, अजून एक रोबोट आलाय म्हणून. मला दुसरा हवाच आहे, काम वाढलंय. याचे सेल कधी बदलले, एवढंच विचारलं. "बघून सांगतो," म्हणाला. अजून वाट बघतोय.