ट्रायम्फ बॉनव्हिल टी-१२० आर (१९६९): आठ महिने आणि २,३०० मैल चालवल्यावर

मार्चमध्ये घेतलेली ही गाडी आता हिवाळ्यासाठी झाकून ठेवतोय. जुनी ब्रिटिश मोटरसायकल घ्यायचं मनात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

विक्रेत्याकडे दोन बॉनव्हिल शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक नुकतीच नवी केलेली, क्रोममध्ये तोंड दिसेल अशी, साडेअकरा हजार पाउंडांना. दुसरी साडेसात हजारांना: ऑलिम्पिक फ्लेम आणि चंदेरी हा मूळ रंग, पण टाकीवर गुडघे घासून तो पातळ झालेला. मी दुसरी घेतली, आणि ती नंबर पाहून घेतली.

या गाडीचा इंजिन नंबर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी ठोकलेला असतो आणि फ्रेमचा नंबर हँडलच्या मानेवर, तोही डावीकडे. कारखान्यातून निघताना दोन्ही सारखेच असत. १९६९ पासून इंजिनवरच्या नंबराच्या पट्टीत ट्रायम्फचं बारीक बोधचिन्ह ओळीनं उमटवायला सुरुवात झाली. जुना नंबर घासून कुणी नवा ठोकला तर ती नक्षीही जाते. चकचकीत गाडीची पट्टी बोट फिरवलं तर गुळगुळीत लागली. विचारल्यावर ‘इतक्या जुन्या गाडीचं असंच असतं’ एवढंच उत्तर मिळालं. तसं नसतं. माझ्या गाडीवर नक्षी शाबूत आहे आणि नंबराच्या सुरुवातीला ‘सीसी’ आहे. पहिला सी मार्चचा, दुसरा १९६९ चा.

बॉनव्हिल मोठ्या संख्येनं अमेरिकेला जात आणि आता त्यातल्याच अनेक परत येतात. माझीही तशीच आलेली. म्हणून कागद नीट पाहावेत. ब्रिटनमधलं नोंदणीपत्र, म्हणजे व्ही५सी, आधीच निघालेलं असेल तर निम्मी डोकेदुखी टळते. नसेल तर करखात्याकडे आयातीची ‘नोवा’ नोंद झाली आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. अमेरिकन गाडीची टाकी लहान असते, जेमतेम साडेनऊ लिटरची. दिसायला ती फार सुंदर आहे, पण ऐंशी-नव्वद मैलांनंतर पंप शोधावा लागतो.

पहिले सहा आठवडे त्रासात गेले. गरम झाल्यावर गाडी सिग्नलला बंद पडायची. मी इग्निशन तपासलं, प्लग बदलले. दोष निघाला अमलच्या दोन कार्बोरेटरांत. त्यांच्या पायलट जेटचं, म्हणजे मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या नळीचं, भोक ०.०१६ इंचाचं, आणि जेट आत कायमचा दाबून बसवलेला. पेट्रोल साचून वाळलं की ते बुजतं. शिवाय थ्रॉटलसोबत वरखाली होणाऱ्या स्लाइड झिजून सैल झाल्या होत्या. शेवटी ‘प्रीमिअर’ प्रकारचे नवे अमल बसवले. त्यांचा जेट काढून साफ करता येतो. तेव्हापासून थंड इंजिन दुसऱ्या किकला सुरू होतं. सवयी मात्र लावून घ्याव्या लागतात. आधी क्लच दाबून दोनदा किक फिरवायची, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. मग टिकलर, म्हणजे कार्बोरेटरवरचं छोटं बटण, दाबून बाहेर पेट्रोलची ओल दिसेपर्यंत थांबायचं. पेट्रोल मी कमी इथेनॉलचं ई५ च घालतो, कारण ई१० मधलं जास्तीचं इथेनॉल जुन्या रबरी भागांना चांगलं नाही.

गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. इथल्या मित्रांना हे अवघड जातं. मला गेलं नाही, कारण मी साताऱ्यात बाबांच्या बुलेटवर शिकलो. फक्त क्रम उलटा: बुलेटचा पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली, हिचा पहिला खाली आणि बाकीचे वर. व्हिडिओ कॉलवर बाबांनी इंजिन ऐकलं आणि म्हणाले, “अरे, उजवीकडचा टॅपेट वाजतोय, बघ जरा.” व्हॉल्व्हपाशी असते ती टॅपेटची फट मोजली तर खरंच वाढलेली होती. त्यांचे जुने इंची पाने मी मागवून घेतलेत, कारण या गाडीत व्हिटवर्थ आणि यूएनएफ अशी दोन्ही मापं मिसळलेली आहेत आणि मिलिमीटरचा पाना लावला की बोल्टचे कोपरे जातात.

ताशी ५५ मैलांवर ही गाडी जशी चालते तशी मी चालवलेली दुसरी कोणतीही नाही. ६४९ सीसीचं इंजिन, दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होणारे. खालच्या फेऱ्यांतच इतकी ओढ की चढावर गिअर बदलावासा वाटत नाही. ६५ च्या वर मात्र थरथर हातापायांत शिरते. मागच्या दिव्याचे दोन बल्ब त्यातच गेले. एलईडी बसवायचा असेल तर पॉझिटिव्ह अर्थचा मागा, या गाडीत वायरिंग उलटं आहे: बॅटरीचं धन टोक फ्रेमला जोडलेलं. पुढचा आठ इंची ड्रम ब्रेक माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला निघाला.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथं रोड टॅक्स नाही, एमओटी या वार्षिक सुरक्षा तपासणीचीही सक्ती नाही. तरी मी ती करून घेतली. ब्रेक आणि चाकं दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेलेली बरी. सुटे भाग सहज मिळतात, आणि पहिलीच जुनी गाडी घेणाऱ्यासाठी हा मुद्दा किमतीहून मोठा आहे.

जूनमध्ये एका रविवारी मी कॉव्हेंट्रीहून मेरिडनला गेलो. कॉव्हेंट्रीतला मूळ कारखाना १९४० च्या बॉम्बहल्ल्यात गेल्यावर ट्रायम्फनं मेरिडनला नवा उभारला. तो १९८३ मध्ये बंद पडला. आता तिथं घरं आहेत आणि एका गल्लीचं नाव आहे बॉनव्हिल क्लोज. तिथं इंजिन बंद केलं आणि बराच वेळ उभा राहिलो. चौपन्न-पंचावन्न वर्षांपूर्वी याच जागी कुणीतरी त्या पट्टीवर ‘सीसी’ ठोकलं होतं, आणि गाडी अर्धं जग फिरून परत तिथंच उभी होती.

तेल गळणं जवळपास थांबलंय. पुशरॉडच्या नळ्यांची सीलं बदलल्यावर आता फक्त इंजिनच्या डोक्यावरच्या एका रॉकर बॉक्सपाशी ओल दिसते. गॅस्केट कालच आली. टाकी उतरवायची आहे, म्हणून हे काम येत्या शनिवारी.