हातचा सुटतो म्हणून घेतलेलं मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप: पाचपैकी दोन तारे

एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर नोटा मोजल्या. आता सोसायटीचा हिशेब बघते, आणि हल्ली बेरजेत हातचा सुटतो. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक... तेवढ्यात कुकरची शिट्टी, की गेला एक. म्हणून वर्षाचे पैसे भरून हे अ‍ॅप घेतलं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

खेळ असा. नऊ घरांच्या चौकटीत निळा चौकोन लुकलुकतो, त्याच क्षणी कानात एक इंग्रजी अक्षर पडतं. दोन खेपांपूर्वीचंच घर किंवा तेच अक्षर पुन्हा आलं, की बटण दाबायचं. जमलं की दोनाचे तीन. ‘बी, डी, पी, टी’ लागोपाठ आली की माझी पार दाणादाण. वाटलं, कान गेले! मानसशास्त्रात एम.ए. करणारी भाची म्हणाली, “आत्या, सगळ्यांचंच होतं असं.” कॉनरॅड नावाच्या संशोधकाने १९६४ मध्ये दाखवलंय म्हणे, अक्षरं नुसती डोळ्यांनी वाचली तरी चुका सारख्या आवाजाच्या अक्षरांतच होतात. म्हणजे आपण ती मनात पुटपुटत धरून ठेवतो. पुढे १९७४ मध्ये बॅडली आणि हिच यांनी वर्किंग मेमरीची, म्हणजे काम होईपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची मांडणी केली, त्यात ही पुटपुटायची जागा वेगळी, डोळ्यांपुढे चित्र धरायची वेगळी, आणि दोन्हींवर एक मुकादम. हा खेळ तिघांनाही एकदम राबवतो. वीस मिनिटांत डोकं भणभणतं ते उगाच नाही.

तीन महिन्यांत मी दोनावरून चारावर गेले. आलेख झकास चढला. हातचा मात्र अजून सुटतोच.

हेच मी भाचीला विचारलं. २००८ मध्ये येगी आणि सहकाऱ्यांनी या खेळाने बुद्धीच वाढते असा निष्कर्ष छापला होता, त्यावरून बराच गाजावाजा झाला. २०१३ मध्ये रेडिक यांच्या गटाने वीस बैठका खेळवून पाहिल्या. लोक खेळात तरबेज झाले, बुद्धीच्या चाचण्यांत जिथल्या तिथे. आणि तो अमेरिकेतला धावपटू विद्यार्थी! सरावाने सातावरून जवळजवळ ऐंशी आकडे ओळीने म्हणायला लागला, कारण आकड्यांना तो शर्यतीच्या वेळा समजून गठ्ठे बांधायचा. अक्षरं दिली, तर पुन्हा सहावर. हे ऐकून मला जरा बरं वाटलं, म्हणजे दोष माझ्या वयाचा नाही.

अ‍ॅप चालतं व्यवस्थित, मध्ये अडकत नाही, जाहिराती नाहीत. एक तारा त्याचा, एक निळ्या चौकोनाचा. ‘विसराळूपणा घटवा’ असं दुकानाच्या पानावर लिहिलंय, त्याचे तीन कापले.

हातचा आता पेन्सिलीने आकड्याच्या डोक्यावर लिहिते. शाळेत असं केलं की बाई छडी मारायच्या. आणि पैसे भरलेतच म्हणून दुपारी खेळतेही. काल एकदा पाचावर पोचले, तेव्हा एकटीच टाळ्या वाजवत बसले होते, खोटं कशाला बोलू.