बोडीवरची वटवाघळं: किरणाने कॅमेरा चालवावा की नुसता फ्लॅश?

मार्च लागला की आमच्या भंडारा-गोंदियाकडे मोह फुलतो, बोड्या (छोटी तळी) आटायला लागतात आणि रात्री उडत्या वटवाघळांचे फोटो काढू बघणाऱ्या कुणाचा तरी हाच प्रश्न विचारणारा फोन हमखास येतो. इन्फ्रारेड किरणाची जोडी (एक डबी न दिसणारा किरण सोडते, दुसरी तो तुटला की इशारा देते), दोन-तीन फ्लॅश, ट्रायपॉड इथवर तुम्ही आलाच आहात असं धरतो. गाडी अडते ती पुढे. वटवाघळाने किरण तोडला ही खबर कॅमेऱ्याला द्यायची, की शटर आधीच उघडं ठेवून थेट फ्लॅशला द्यायची?

मी दोन उन्हाळे पहिला प्रकार केला, मग दुसऱ्यावर आलो. तुमची जागा वेगळी असेल, कॅमेरा वेगळा असेल, तेव्हा माझं म्हणणं थोडं हातचं राखून घ्या.

कॅमेरा चालवणं सोयीचं आहे, त्यात वाद नाही. वाघूळ आलं तरच फोटो निघतो. रात्रीत साठ आली तर साठ फायली, सकाळी चहा होईस्तोवर बघून संपतात. चांदणं असो, कुणाच्या घरचा दिवा असो, १/२०० सेकंदाच्या शटरला त्याचं सोयरसुतक नसतं. उघड्या शटरचा संसार याच्या उलट. रिमोटचं बटण लॉक करून कॅमेरा वीस-वीस सेकंदांचे फोटो एकामागे एक काढत राहतो. तासाला १८० फायली, आणि त्यातल्या बहुतेक कोळशासारख्या काळ्या. त्यात लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांबलेल्या फोटोतले ठिपके पुसायची कॅमेऱ्यातली सोय) बंद करायचं राहून गेलं तर दर वीस सेकंदांनी कॅमेरा आणखी वीस सेकंद आपल्याच तंद्रीत जातो. पहिल्या रात्री माझं राहून गेलं होतं. समोरून वाघळं जात होती, फ्लॅश पडत होते आणि निम्म्या वेळा शटर बंद. मे महिन्यात सेन्सर तापून काळ्या भागात लाल-निळे ठिपके येतात ते वेगळंच.

एवढं सगळं असून मी तिकडे का गेलो, तर फक्त एका कटकटीमुळे.

बोडी आटून खाटेएवढं पाणी उरलं की वाघळं त्यावर उडता उडता पाणी पितात. खाली येतात, जीभ किंवा छाती टेकवतात, वर जातात. मी चिखलात दोन बांबू रोवून पाण्याच्या वीतभर वरून किरण आडवा सोडला. कॅमेरा काठावर, पुरुषभर अंतरावर, ८५ मिलिमीटरची लेन्स, तिचं छिद्र एफ/११ वर. एवढ्या जवळून फोकसची खोली, म्हणजे फोटोत स्पष्ट येणारा पट्टा, मिळते जेमतेम वीतभर. आता हिशोब करा. माझ्या जुन्या डीएसएलआरला (लेन्समागे आरसा असलेला कॅमेरा) इशारा मिळाल्यापासून शटर उघडेपर्यंत साधारण ५० मिलिसेकंद लागतात, आरसा वर जायचा असतो. वाघूळ सेकंदाला पाच मीटर उडत असेल तर तेवढ्यात ते २५ सेंटिमीटर पुढे गेलं. म्हणजे फोकसच्या बाहेर.

यावर उपाय सगळे सांगतात: फोकस किरणावर न ठेवता वीतभर पुढे ठेवा. मीही ठेवला. वाघळं पलीकडच्या काठाकडून माझ्याकडे येतात असं संध्याकाळी बघून ठेवलं होतं. पहिली आठ-दहा आलीही तशीच, आणि मला वाटलं, जमलं. नंतर माझ्या डोक्यावरून उलटी यायला लागली. त्यांना काय, पाण्याला दार थोडंच असतं! उलट येणारं वाघूळ किरणाच्या पलीकडे वीतभर निघून गेलेलं आणि फोकस अलीकडे वीतभर, मिळून हातभर चूक. त्या रात्रीच्या ११० फायलींत कामाच्या निघाल्या चार. बाकी सगळी राखाडी ढगांसारखी वाघळं, आणि बऱ्याच फोटोंत चौकटीतून निघून चाललेलं पंखाचं टोक. दुसऱ्या दिवशी फोकस अलीकडे-पलीकडे करत बसलो, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडायची.

शटर उघडं असलं की हा हिशोबच उरत नाही. किरण तुटला की फ्लॅश पडतो, मधे आरसा नाही, शटर नाही. किरण आहे तिथेच फोकस, वाघूळ कुठूनही येवो. किरणाच्या रेषेत चिंधी टांगायची, बॅटरीच्या उजेडात तिच्यावर फोकस करायचा, ऑटोफोकस बंद, चिंधी काढून टाकायची. किरण सेन्सरला समांतर तेवढा हवा. फ्लॅश १/१६ किंवा १/३२ वर ठेवा, पूर्ण ताकदीवर तो जास्त वेळ पेटतो आणि पंखांची टोकं फराटल्यासारखी येतात. आणि त्याचं आपोआप झोपणं बंद करा. पहिल्याच रात्री मला एक फोटो मिळाला: हनुवटीखाली पाण्याचा थेंब सुटत असलेला, मागच्या फ्लॅशमुळे पंखाच्या पातळ कातड्यातून बोटांची हाडं आणि नसांचं जाळं दिसतंय. पंख म्हणजे ताणलेला हातच असतो, हे वाचलेलं होतं, पण मोजता येतील अशी बोटं तेव्हा पाहिली.

उघड्या शटरचं खरं मोठं दुखणं एकच, परका उजेड. आमच्याकडे उन्हाळी धान राखायला जागली असतात, रानडुकरांवर त्यांची बॅटरी फिरत असते. एक भाऊ तर थेट लेन्समध्येच बॅटरी मारून म्हणाले, "का करून रायले जी इथं?" वटवाघळांचे फोटो काढतो म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागला. ती फाईल गेली, पण वीस सेकंदांचंच नुकसान. पौर्णिमेच्या आसपास मात्र आभाळ वाघळाच्या पंखातून आरपार दिसायला लागतं, तेव्हा वेळ दहा सेकंदांवर आणा नाही तर सरळ घरी झोपा. कृष्ण पक्ष आपला.

कॅमेरा चालवायची पद्धत अगदीच टाकाऊ आहे असं नाही. मोहावर ती चांगली चालते. फळखाऊ छोटी वाघळं मोहाच्या रसाळ पाकळ्यांसाठी येतात, आणि एखादा घोस निवडून त्याच्या पुढे किरण लावला तर ती बाहेरून आत अशा एकाच बाजूने येतात. तिथे वीतभर पुढचा फोकस टिकतो. शिवाय पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बायाबापड्या टॉर्च घेऊन झाडाखाली येतात, उघड्या शटरचं तिथे काही खरं नाही. (मोहाखाली रात्री स्वतः बसू नका. अस्वलही त्याच जेवणाला येतं. सामान दिवसा लावा आणि निघा.) नवा मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा असेल तर उशीर निम्म्यावर येतो, पण बोडीवर दिशेचं दुखणं कमी होतं, जात नाही.

दोन्ही प्रकारांत एक पाळा, दिवसा वाघळं लटकतात त्या झाडावर किंवा पडक्या देवळात फ्लॅश नेऊ नका. फळखाऊ वटवाघळांना आपल्या कायद्याने २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत ठेवलं होतं. आता ती यादीच गेली आहे, पण गावातली खोड इतक्यात जात नाही. तुम्ही कुठे उजेड पाडता यावर लोक दगड कुठे मारायचे ते ठरवतात.

तर मोह असेल तर कॅमेरा, बोडी असेल तर फ्लॅश. आणि एकच काही घ्यायचं असेल तर मी आज थेट फ्लॅशचीच तार जोडीन. बांबू मात्र तासाला एकदा बघून या. चिखल वाळता वाळता एका बाजूला बसतो, किरण सरकतो, आणि रातवे पक्षी तेवढे फ्लॅशमध्ये सापडत राहतात. माझ्याकडे त्यांचे तीसेक फोटो आहेत, सगळे फोकसमध्ये.