चाळिशीनंतर पहिले पाऊल: साल्सा की बचाटा?

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये, निम्म्या वयाच्या मुलामुलींच्या मागच्या रांगेत उभा राहून मी साल्साचे पहिले पाऊल टाकले, आणि त्याची गोडी अशी लागली की आज तीन वर्षांनंतरही आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मी दुसऱ्या कशालाही देत नाही. तेव्हापासून ओळखीतले, बहुतेक माझ्याच वयाचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात: सुरुवात साल्साने करावी की बचाटाने? जोडीने करायचे हे दोन्ही लॅटिन नाच बऱ्याचदा एकाच वर्गात शिकवले जात असल्याने हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण पहिल्या तीन महिन्यांत नाद लागणार की वर्ग सुटणार, हे पुष्कळदा या निवडीवर ठरते, असे मी पाहिले आहे.

कागदावर दोन्हींचे गणित सारखेच आहे. दोन्हींत 8 ठोक्यांचे आवर्तन असते आणि त्यात शरीराचे वजन 6 वेळा एका पायावरून दुसऱ्यावर जाते. साल्सात 1, 2, 3 आणि 5, 6, 7 या ठोक्यांवर पाऊल पडते, तर 4 आणि 8 मोकळे राहतात. बचाटात तीन पावले बाजूला टाकून चौथ्या ठोक्यावर पाय नुसता टेकवायचा असतो, वजन न देता, आणि मग तेच उलट दिशेने करायचे असते. फरक पडतो तो वेगामुळे. मिनिटाला 180 ठोक्यांचे साल्सा गाणे हे मध्यम गतीचे मानले जाते, आणि त्यात पूर्ण आवर्तन पावणेतीन सेकंदांच्या आत संपते. 120 ठोक्यांच्या बचाटात त्याच आवर्तनाला 4 सेकंद मिळतात. हा सुमारे सव्वा सेकंद नवख्याला फार मोठा आधार असतो, कारण चुकलेले पाऊल सावरून पुन्हा तालात येण्याइतकी उसंत त्यात मिळते.

त्यातच बचाटातला 1 सहज ऐकू येतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या या संगीतात गिटार, बास, बोंगो (छोटे जोड-ढोल) आणि ग्विरा (घासून वाजवायचे धातूचे वाद्य) एवढा आटोपशीर वाद्यमेळ असतो, आणि चौथ्या ठोक्यावरचा बोंगोचा उठाव कानाला बोट धरून नेतो. (2019 मध्ये युनेस्कोने या संगीताचा आणि नाचाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.) साल्साचे तसे नाही. क्यूबाच्या संगीताच्या पायावर, न्यूयॉर्कमधल्या क्यूबन आणि पोर्तो रिकन वस्त्यांत 1960 आणि 1970 च्या दशकांत घडलेल्या या संगीतात कोंगा आणि तिंबाल हे ढोल, घंटा, पियानो आणि पितळी वाद्ये एकमेकांच्या अंगावर रचलेली असतात. बास तर पुष्कळदा 1 वर वाजतच नाही. त्यामुळे नवखा माणूस ज्या आधाराच्या शोधात असतो, नेमका तोच त्याला सापडत नाही.

एवढे वाचून बचाटाच निवडावा असे वाटेल, आणि काही जणांना मी तोच सुचवतो. तरीही माझा कौल साल्साकडे आहे, आणि त्याचे कारण मला तिसऱ्या आठवड्यात कळले. त्या दिवशी शिक्षकांनी नाच थांबवला आणि सगळ्यांना टाळ्यांवर क्लावे, म्हणजे साल्साचा पायाभूत तालाचा साचा, धरायला लावला: चार-चार ठोक्यांच्या दोन मापांत मिळून पाच टाळ्या, एका मापात तीन आणि दुसऱ्यात दोन. लहानपणी मी भजनात टाळ धरत असे; आठ मात्रांचे आवर्तन कुठून सुटते आणि कुठे येऊन मिळते हे अंगात मुरलेले होते, पण ते कधी पायांपर्यंत उतरले नव्हते. टाळ्यांनंतर गाणे पुन्हा सुरू झाले, 4 वर माझे पाऊल आपोआप थांबले, समोरच्या पार्टनरच्या तळव्याचा हलका दाब बोटांना जाणवला, आणि 5 वर आम्ही दोघे एकाच वेळी निघालो. मोजणी तोंडातून गेली होती. हलगी, लेझीम आणि ढोलकी ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला साल्सातली ही गुंतागुंत परकी वाटत नाही. कान आधीच तयार असतो, पायांना मात्र वेळ द्यावा लागतो. शिवाय साल्सात पाय रुळलेल्याला बचाटा काही आठवड्यांत जमतो, तर बचाटावरून साल्साकडे येणाऱ्याला वेगाशी नव्याने झगडावे लागते.

गुडघ्यांचा विचार मात्र चाळिशीनंतर आधी करावा. साल्सात गिरक्या अधिक असतात, आणि रबरी तळाचा बूट फरशीला चिकटला की अंग वळते पण पाय वळत नाही. तो पीळ थेट गुडघ्यात जातो. मी जुन्या बुटांना चांभाराकडून मऊ चामड्याचा तळ लावून घेतला आणि दुखणे थांबले. कोल्हापुरी चप्पल घालून हा प्रयोग करू नये. तिची टाच मोकळी असल्याने गिरकीत पाय बाहेर निसटतो. बचाटात गिरक्या कमी असल्या, तरी स्पेनमध्ये वाढलेल्या सेन्शुअल बचाटात पाठ आणि कंबर बरीच वळवावी लागते. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी तो प्रकार सुरुवातीला टाळावा.

दुसरा प्रश्न अंतराचा आहे, आणि तो संकोच न करता विचारात घ्यावा. बचाटात पकड जवळची असते; साल्सात दोघांमध्ये हातभर अंतर सहज राहते. वर्गात पार्टनर बदलत राहतात, आणि कोल्हापुरात समोर शेजारच्या गल्लीतले कोणी उभे असण्याची शक्यता मोठी असते. नवरा-बायको मिळून शिकणार असतील आणि हळू गाणी आवडत असतील, तर बचाटा उत्तम. एकट्याने, विशेषतः एकट्या स्त्रीने, यायचे असेल तर साल्साने सुरुवात करणे अधिक सुखाचे जाते. नको त्या पार्टनरला नकार देता येतो, हे पहिल्याच दिवशी न सांगणारा वर्ग दोन्ही नाचांसाठी सोडून द्यावा.

साल्सात दिशा बदलणारे पाऊल पहिल्या ठोक्यावर घ्यावे की दुसऱ्या, म्हणजे ऑन वन की ऑन टू, हा वाद पहिल्या वर्षात बाजूला ठेवावा. क्यूबन पद्धतीतला रुएदा मात्र इथल्या मित्रमंडळींनी जरूर पाहावा: सगळ्या जोड्या गोलात नाचतात, एक जण पुकारा करतो आणि त्यासरशी सर्वांचे पार्टनर बदलतात. लेझीम पथकात शिट्टीवर डाव बदलणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

वर्ग निवडताना माझी एक चूक झाली. पहिल्या वर्गात दोन महिने लग्नाच्या संगीतासाठी नाच बसवावा तसे एकच गाणे बसवून घेतले गेले; दुसरे गाणे लागले की सगळे गोंधळायचे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक तास बसून पाहावे. शिक्षक वेगवेगळी गाणी लावून जोड्या बदलतात का, आणि लीड, म्हणजे पार्टनरला पुढच्या हालचालीचा इशारा, हाताच्या ओढाताणीने नव्हे तर अंगाच्या कलाने द्यायला शिकवतात का, एवढे बघितले तरी पुरे. तीन-चार महिने झाल्यावर सुमारे 230 किलोमीटरवरच्या पुण्यात एखाद्या सोशलला, म्हणजे सगळ्यांनी जमून मोकळेपणी नाचण्याच्या संध्याकाळी, जावे. तिथे बहुधा दोन्ही प्रकारची गाणी आलटून पालटून लागतात, आणि अनोळखी पार्टनरबरोबर कोणत्या गाण्याला आपण आधी उठतो, हे तिथे एका संध्याकाळीच कळते.