जुन्या गाडीचा रिव्हर्स लाइट: बल्बआधी टेस्ट लॅम्प घ्या

मारुती ८००, झेन, एस्टीम, सॅंट्रो या पिढीतल्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांचा रिव्हर्स लाइट गेला की स्पेअर पार्टच्या दुकानात चार वस्तू समोर येतात: साधा बल्ब, एलईडी बल्ब, रिव्हर्स स्विच आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीत करंट येतो का ते तपासायचा दिवा. बहुतेक गिऱ्हाइकं पहिल्या तिघांपैकी एक उचलतात. आमच्या मते पहिले पैसे चौथ्या वस्तूवर घालावेत, कारण उरलेल्या तिघांपैकी नेमकं काय लागणार हे तीच सांगते.

सर्किट सरळ आहे. चावी ऑन केली की करंट फ्यूजमधून गिअरबॉक्सवरच्या स्विचपर्यंत येतो. रिव्हर्स गिअर पडला की आतला दट्ट्या दाबला जाऊन स्विच जुळतो, मग वायर डिकीकडे जाते, आणि बल्बमधून बॉडीला अर्थ मिळतो. एवढ्याशा वाटेत बिघाड व्हायच्या जागा सहा-सात आहेत, आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा वायर तुटलेली नसते, सांधा गंजलेला असतो. इथेच मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजायचा मीटर, फसवतो.

समजा बल्बच्या अर्थला गंज चढून ५ ओहम रेझिस्टन्स आला आहे. बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला तर तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. त्याच जागी २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. ५ ओहमच्या अडथळ्यात निम्मं व्होल्टेज तिथेच खर्च होतं, बल्बला सहाएक व्होल्ट मिळतात आणि उजेड दहाव्या हिश्श्यावर येतो. मीटर बघणारा म्हणतो ‘सप्लाय बरोबर आहे’, आणि चांगला बल्ब बदलला जातो.

म्हणून टेस्ट लॅम्प घेताना तो किती करंट ओढतो ते बघा. स्क्रूड्रायव्हरसारखा दिसणारा, आत छोटा दिवा असलेला पेन-टेस्टर सप्लाय आहे की नाही एवढं सांगतो. सप्लायमध्ये जोर आहे का, हे त्याला नीट कळत नाही. एलईडीचा टेस्टर तर या कामाला घेऊच नका, तो हिरव्या पडलेल्या टर्मिनलवरही झगझगीत पेटतो. सगळ्यात चांगला टेस्ट लॅम्प तयार मिळतोच असं नाही, पण जुळवायला सोपा आहे: १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन-दोन मीटर वायर आणि टोकांना दोन क्रोकोडाइल क्लिप. खऱ्या बल्बइतकाच भार टाकणारा हा तपासनीस खोटं बोलू शकत नाही. फक्त एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला आणि ईसीएमच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) वायरींना तो कधीही लावू नका.

तपासताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली ठोकळा, चावी ऑन, गिअर रिव्हर्समध्ये. इंजिन बंद असताना गिअर पडत नसेल तर ठोकळा आणि हँडब्रेक काढा, क्लच दाबून गाडी बोटभर पुढेमागे ढकला, आणि गिअर पडला की दोन्ही पुन्हा लावा.

आधी दोन्ही दिवे गेलेत की एकच, ते बघा. एकच गेला असेल तर दोष त्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा तिथल्या अर्थमध्ये. फ्यूज-स्विचकडे बघायचं कारण नाही. दोन्ही गेले असतील तरी बल्ब आधी काढून बघाच. पहिला दिवा गेल्याचं ड्रायव्हरच्या सीटवरून कळत नाही, दुसरा गेला की मगच लक्ष जातं. रिव्हर्स हॉर्न किंवा पार्किंग सेन्सर बसवलेला असेल तर अर्धं काम तोच करतो. त्याची वायर बहुधा रिव्हर्स बल्बच्या वायरवरूनच घेतलेली असते. हॉर्न नेहमीच्या जोरात वाजतोय आणि बल्ब बंद, म्हणजे फ्यूज आणि स्विच बहुधा ठीक, शोध डिकीतच. उलट असंही होतं की हॉर्नसाठी वायर सोलून नुसता पिळा देऊन टेप गुंडाळलेला असतो, दोन पावसाळ्यांत तो पिळा काळा पडतो आणि दिवे जातात. तो भाग कापून, सोल्डर करून वर हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

साधा बल्ब घेताना पॅकवर पी२१डब्ल्यू (बल्बचा प्रकार) आणि बीए१५एस (बुडाचा प्रकार) हे लिहिलेलं बघा. फिलिप्सचा नंबर १२४९८, ऑसरामचा ७५०६. दुकानात ‘सिंगल पॉइंट’ म्हणून मागा. डबल पॉइंटचा २१/५ वॅटचा बल्ब टेल आणि ब्रेकसाठी असतो, त्याच्या बाजूच्या पिना वरखाली असतात. तो जोर लावून घुसवला तर होल्डर वाकतो. दोन वडापावांच्या आसपास किंमत असलेल्या या बल्बबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. जुना बल्ब मीटरवर तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा: गार फिलामेंटचा रेझिस्टन्स एक ओहमच्याही खाली दिसतो. तो शॉर्ट नव्हे, बल्ब चांगला आहे. होल्डरमधली पत्री मात्र ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि दबलेली असेल तर किंचित वर उचला.

एलईडी बल्ब या गाड्यांना आम्ही सुचवणार नाही. पी२१डब्ल्यू बल्बचा ठरलेला प्रकाश ४६० ल्यूमेन आहे. स्वस्त एलईडीच्या पॅकवरचे हजारो ल्यूमेनचे आकडे पाहून भुलू नका. जुन्या दिव्याचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेनुसार बनवलेला आहे, त्यात एलईडीचा उजेड ठिपक्याठिपक्यांत पडतो आणि मागची जमीन अंधारीच राहते. त्याहून मोठी अडचण म्हणजे एलईडी इतका कमी करंट ओढतो की गंजलेल्या सांध्यातूनही पेटतो. दोष झाकला जातो, जात नाही.

आता स्विच. खरी फसगत इथे होते, म्हणून जरा सविस्तर. स्विच विकत घेण्याआधी त्याचं कनेक्टर काढा आणि वायरिंगकडच्या दोन टर्मिनलमध्ये वायरचा तुकडा जोडा. चावी ऑन असताना दिवे लागले तर स्विच किंवा त्याला दाबणारी यंत्रणा दोषी. लागले नाहीत तर स्विचला हात लावू नका: टेस्ट लॅम्पची एक क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला धरून कनेक्टरच्या दोन्ही टर्मिनलवर टोक टेकवा. दोन्हीवर अंधार म्हणजे फ्यूजकडून सप्लायच येत नाही. एकावर पूर्ण उजेड म्हणजे पुढची, डिकीकडची वायर तपासायची. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा घाला. दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात, त्यामुळे फ्यूज पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी पत्र्याला घासते आहे; मोठा फ्यूज टाकणं म्हणजे वायर जाळणं. दिवे डिकीच्या दारावर असलेल्या गाड्यांत आधी बिजागरीजवळचा, वायर जिथून दारात जाते तो रबरी ग्रोमेट उघडून बघा.

नवा स्विच घेताना जुना सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: आटे, दट्ट्याची लांबी आणि कनेक्टरचा खाचा. कंपनीचा आणि बाहेरचा यांत दिसायला फरक नसतो, पण बाहेरच्या काही स्विचचा दट्ट्या किंचित आखूड असतो आणि प्लास्टिकचा मागचा भाग हाताने हलतो. दुकानातच अंगठ्याने दाबून मीटरवर बघा: दाबल्यावर शून्याच्या जवळ, सोडल्यावर पूर्ण ओपन. दहा वेळा दाबा, दहाही वेळा तेच यायला हवं. इथे आम्ही कंपनीचाच घ्या म्हणू, कारण मजुरी दोन्हीला सारखीच पडते.

बसवताना खाली ट्रे ठेवा. काही गिअरबॉक्समध्ये ही जागा ऑइलच्या पातळीखाली येते. वॉशर नवाच घाला आणि जुन्याच्याच जाडीचा. दोन वॉशर घातले तर स्विच बाहेर राहतो, दट्ट्या पुरता दाबला जात नाही आणि नवा स्विचही ‘खराब’ ठरतो. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, आटे आधी हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने बेताचं आवळा. ऑइल सांडलं असेल तेवढं त्याच ग्रेडचं भरा.

एवढं करूनही गिअरचा दांडा टोकापर्यंत रेटून धरला तरच दिवा लागत असेल, तर स्विच पुन्हा बदलू नका. लिंकेजचे (दांडा आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या सळ्यांचे) बुश झिजलेत, गिअर पुरता बसत नाही. हात सोडल्यावर दांडा किती सैल हलतो ते बघा आणि बुशचा सेट मागवा.