खांबाची वीज नसताना आर.व्ही.त मुक्काम: लेड-ॲसिड की लिथियम, सोलर की जनरेटर?

अमेरिकेत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या आसपास हिवाळाभर आर.व्ही. (राहण्याची सोय असलेली गाडी) लावून राहायचं आणि तिथूनच लॅपटॉपवर नोकरी करायची, असं ठरवलं की पहिला मोठा खर्च विजेचा निघतो. आर.व्ही. पार्कात खांबाला ३० किंवा ५० अँपिअरची केबल जोडली की काम झालं. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या (सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या अमेरिकी खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर खांब नाही, नळ नाही, सांडपाण्याची जोडणीही नाही. लागेल ते सगळं गाडीतूनच निघायला हवं.

बहुतेकांचा प्रश्न असतो, सोलर घ्यावं की जनरेटर? आमच्या मते ही सुरुवातच उलट्या टोकाने होते. आधी बॅटरी ठरवा. लेड-ॲसिड आणि लिथियम यांचे स्वभाव इतके वेगळे आहेत की सोलर किती आणि जनरेटर कधी, हे त्या स्वभावावरूनच ठरतं.

रोजचा खर्च किती?

घरून काम करणारी दोन माणसं धरू. १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसर फ्रिजला दिवसाला साधारण ८०० वॅट-तास लागतात. डिसेंबरच्या थंड रात्री फर्नेस (गाडी उबदार ठेवणारी भट्टी) गॅसवर जळली तरी तिचा पंखा बॅटरीवरच फिरतो. ८ अँपिअर आणि रात्रभरात मिळून पाच तास धरले तर ते झाले ५००. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकची नेहमीची डिश दहा तास चालली की ६००, मिनी घेतली तर साधारण निम्मे. दोन लॅपटॉप आणि एक मॉनिटर ७००. दिवे, पाण्याचा पंप, फोन १५०. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी २० वॅट खात बसतो. दहा तासांचे २०० झाले, आणि रात्री बंद करायला विसरलात तर जवळपास ५००. बेरीज ३,००० च्या आसपास जाते. गॅसवर चालणारा जुना ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल तर यातले पाच-साडेपाचशे वाचतात, पण गॅसचा खर्च वाढतो.

एसी या हिशेबात नाही आणि नसावाच. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी १,३०० ते १,५०० वॅट ओढतो. उन्हाळ्यात बॅटऱ्या वाढवण्यापेक्षा फ्लॅगस्टाफसारख्या ७,००० फुटांवरच्या जागी जाणं कितीतरी स्वस्त पडतं.

दोन बॅटऱ्यांचा स्वभाव

लेड-ॲसिडमध्ये या कामासाठी खरी टिकाऊ म्हणजे गोल्फ कार्टची ६ व्होल्टची बॅटरी. ट्रोजन टी-१०५ चं उदाहरण घ्या: २२५ एएच (अँपिअर-तास), वजन २८ किलो. दोन सिरीजमध्ये जोडल्या की १२ व्होल्ट मिळतात आणि कागदावर २,७०० वॅट-तास. पण निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून हाती येतात १,३५०. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएचची एकच बॅटरी १,२८० वॅट-तासांची असते. त्यातले हजार-अकराशे निर्धास्त वापरता येतात आणि वजन ११ ते १३ किलो. ५६ किलो शिसं आणि १२ किलो लिथियम यांच्यातून जवळपास सारखीच वीज निघते. ट्रॅव्हल ट्रेलरला (गाडीमागे ओढायच्या आर.व्ही.ला) हा फरक फार जाणवतो, कारण चार गोल्फ कार्ट बॅटऱ्यांचे ११२ किलो सहसा पुढच्या दांड्यावर, म्हणजे थेट हिचवर (ओढणाऱ्या गाडीशी असलेल्या जोडावर) येतात.

चार्जिंगचा फरक याहून मोठा आहे. लेड-ॲसिड ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते आणि मग करंट स्वतःच कमी करत नेते. शेवटच्या २० टक्क्यांना तीन-चार तास लागतात, कधी त्याहून जास्त. चार बॅटऱ्यांची बँक ४५० एएचची. निम्म्यापासून ८० टक्क्यांपर्यंत न्यायला ६० अँपिअरच्या चार्जरला सव्वादोन तास लागतात. त्यापुढे जनरेटर धडधडत राहतो आणि बॅटरीत मूठभर अँपिअर जातात. साहजिकच लोक तो बंद करतात. रोज असंच झालं की प्लेटवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, आणि नवीकोरी बँक एका मोसमात थकते. दोष मग बॅटरीला दिला जातो.

म्हणून लेड-ॲसिड आणि फक्त जनरेटर ही जोडी पूर्णवेळ राहणाऱ्याने घेऊच नये. सुरुवातीला सगळ्यात स्वस्त दिसते आणि सगळ्यात लवकर नवी घ्यावी लागते. लेड-ॲसिड घेतलीच असेल तर जनरेटर सकाळी उठल्यावर तास-दीड तास चालवा. भुकेली बॅटरी तेव्हा मोठा करंट घेते. पुढची चार-पाच तासांची हळू भर उन्हावर सोडा. संध्याकाळी जनरेटर लावणारे नेमकं उलट करतात.

लिथियमला हे पथ्य नाही. ती ९०-९५ टक्क्यांपर्यंत मिळेल तो करंट घेत जाते आणि दिवसचे दिवस अर्धी भरलेली राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. त्यामुळे जनरेटर दुपारनंतर, आज ऊन कमी पडलं हे कळल्यावरच लावायचा. सकाळीच भरून टाकली तर दिवसाच्या उन्हाला आत जागाच उरत नाही.

आयुष्यही बघा. निम्म्यापर्यंत उतरवल्यास चांगली लेड-ॲसिड ५०० ते १,००० चक्रं (एकदा उतरवून पुन्हा भरली की एक चक्र) देते, लिथियम ८० टक्के उतरवूनही ३,००० च्या वर. वर्षाला ३६५ चक्रं होणाऱ्या घरात पहिलीची दीड ते पावणेतीन वर्षं, दुसरीची आठच्या पुढे.

स्वयंपाकघरातली परीक्षा

इंडक्शनवर वरण-भाताचा कुकर चढवला आहे. १,८०० वॅट म्हणजे इन्व्हर्टरमधली घट धरून १२ व्होल्टच्या बाजूला जवळजवळ १७० अँपिअर. दोन गोल्फ कार्ट बॅटऱ्या ६० टक्क्यांवर असतील तर व्होल्टेज ११ कडे कोसळतं. इन्व्हर्टर आधी पीप-पीप करतो आणि १०.५ ला बंद पडतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत शेगडी विझते, आणि थोड्या वेळाने मीटर पाहिला तर बॅटरी पुन्हा १२ च्या वर! ती रिकामी नव्हतीच, एवढा मोठा करंट देणं तिला झेपलं नाही.

लिथियमची एकच बॅटरी असली तरी कुकर होणार नाही, पण कारण वेगळं. १०० एएचच्या बहुतेक बॅटऱ्यांमधलं बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) १०० अँपिअरच्या पुढे फार वेळ जाऊ देत नाही. ते सगळंच बंद करतं आणि दिवेही जातात. पॅरलेलमध्ये किमान दोन हव्यात. त्या जोडताना केबल सारख्या लांबीच्या घ्या, आणि धन टोक पहिल्या बॅटरीवरून तर ऋण टोक शेवटच्या बॅटरीवरून काढा. दोन्ही टोकं एकाच बॅटरीवरून काढली तर तीच जास्त ओढली जाते, आधी ती बंद होते, मग उरलेला सगळा भार दुसरीवर पडून तीही.

मिक्सरचं तसं नाही. ५५० वॅटचा मिक्सर चटणीला पाच मिनिटं फिरला तर ५० वॅट-तासही लागत नाहीत. मात्र तो ११० व्होल्टचा हवा. भारतातून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर अमेरिकी इन्व्हर्टरवर नीट फिरत नाही. रोजचा कुकर इंडक्शनवर केला तर सुमारे ४०० वॅट-तास जातात. गॅसची शेगडी आहे तर हिवाळ्यात तीच वापरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंडक्शन भरपूर उन्हाच्या दिवसांसाठी ठेवा.

सोलरचे खरे आकडे

२१ डिसेंबरच्या सुमारास क्वार्ट्झसाइटला भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम ३३ अंश चढतो. छतावर आडव्या बसवलेल्या पॅनेलला दिवसाला साधारण ३ ते ३.५ तासांचं पूर्ण ऊन मिळतं. ८०० वॅटची आडवी पॅनेलं घट धरून २,००० वॅट-तास देतील. तीच दक्षिणेकडे ५०-५५ अंशांत उभी केली तर ३,००० पर्यंत जाता येतं. पण मग वारा सुटला की छतावर चढून ती आडवी करावी लागतात, आणि उभी राहिलेली विसरून गाडी हलवली तर पॅनेल गेलंच समजा. मधला मार्ग म्हणजे ६०० वॅट छतावर आणि २०० वॅटचं सुटं पॅनेल जमिनीवर, दक्षिणेला तोंड करून, १० गेजच्या केबलने जोडलेलं.

सिरीजमध्ये जोडताना एक हिशेब हमखास चुकतो. २४ व्होल्ट ओपन सर्किटची (काहीही न जोडता मोजलेलं व्होल्टेज) चार पॅनेलं ९६ व्होल्ट होतात, १०० व्होल्टच्या कंट्रोलरवर (पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधल्या चार्ज नियंत्रकावर) बसतात असं वाटतं. पण थंडीत पॅनेलचं व्होल्टेज चढतं. शून्याजवळच्या सकाळी ऊन पडताच ते १०० च्या पुढे जातं आणि कंट्रोलर जळतो. दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये करून त्या पॅरलेलमध्ये घ्या. अँटेनाची किंवा एसीच्या टोपीची सावली पडली तरी मग सगळी पॅनेलं एकदम ढेपाळत नाहीत.

जनरेटर

२,२०० वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर सलग १,८०० वॅट देतो. वजन २१-२२ किलो, म्हणजे एका माणसाला उचलता येतो. ६० अँपिअरचा चार्जर त्यावर आरामात चालतो आणि तासाला ८०० वॅट-तास आत जातात. त्याहून मोठा चार्जर लावायचा मोह टाळा. १०० अँपिअरचा चार्जर त्याला जवळपास त्याच्या मर्यादेला नेतो. उंचीवर आणखी घट येते, दर हजार फुटांना तीन-साडेतीन टक्के. फ्लॅगस्टाफला पाव भाग शक्ती गेलेली असते.

गाडीच्या सर्ज प्रोटेक्टरला (बाहेरची वीज तपासून आत सोडणाऱ्या उपकरणाला) जनरेटर जोडला की बऱ्याचदा 'ओपन ग्राउंड'ची चूक दाखवून तो वीज आत सोडत नाही. जनरेटर बिघडलेला नसतो, त्याचा न्यूट्रल ग्राउंडच्या तारेशी जोडलेला नसतो. त्यासाठी मिळणारा बाँडिंग प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटात लावला की काम होतं. जनरेटर खिडकीखाली किंवा स्लाइडआउटखाली (गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या भागाखाली) कधीही ठेवू नका आणि आतला कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर चालू आहे याची खात्री करा. ही गोष्ट जिवाशी आहे.

शेजारी ठेवून पाहिलं तर

| | लेड-ॲसिड, ४ × ६ व्होल्ट | लिथियम, ३ × १०० एएच |
|---|---|---|
| वापरता येणारी वीज | २,७०० वॅट-तास | सुमारे ३,३०० वॅट-तास |
| वजन | ११२ किलो | ३६ किलो |
| बॅटऱ्यांची अंदाजे किंमत | ६०० ते ९०० डॉलर | ७०० ते १,२०० डॉलर |
| जोडीला बदल | जवळपास नाही | चार्जर, डीसी-डीसी, शंट, फ्यूज |
| देखभाल | दरमहा डिस्टिल्ड वॉटर | नाही |
| शून्याखाली | क्षमता घटते, रिकामी असेल तर गोठते | चार्ज करता येत नाही |

तक्त्यातली 'बदल'ची ओळ विक्रेता सांगत नाही आणि तीच महागात पडते. जुना कन्व्हर्टर (खांबाच्या विजेवर बॅटरी भरणारा गाडीतला चार्जर) १३.६ व्होल्टवर अडकलेला असेल तर लिथियम पूर्ण भरायला ताटकळते. १४.४ ते १४.६ देणारा घ्यावा लागतो. ट्रक किंवा व्हॅनच्या अल्टरनेटरला लिथियम थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये २० ते ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवाच. लिथियमचं व्होल्टेज बहुतेक वेळ १३.२ च्या आसपास सपाट राहतं, त्यामुळे भिंतीवरच्या मीटरवरून काही कळत नाही. ऋण बाजूला शंट (बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजणारं उपकरण) लावा आणि प्रत्येक ऋण वायर त्याच्या गाडीकडच्या टोकाला न्या. एक जरी वायर थेट बॅटरीवर राहिली तर टक्केवारी खोटी येते. २,००० वॅटच्या इन्व्हर्टरला २/० गेजची केबल आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात क्लास-टी फ्यूज लावा. शॉर्ट झाला तर लिथियम हजारो अँपिअर ओकते, आणि स्वस्तातला फ्यूज वितळूनही आतली ठिणगी चालूच राहू शकते. हे सगळं मिळून ५०० ते ८०० डॉलर बाजूला ठेवा.

थंडीचं म्हणाल तर लिथियम घराच्या आत, पलंगाखाली ठेवली की प्रश्नच मिटतो, कारण तिच्यातून वायू निघत नाही. लेड-ॲसिड मात्र बाहेर किंवा हवा खेळणाऱ्या बंदिस्त खणातच हवी, कारण चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. तिच्या झाकणांतून दर महिन्याला पाहा. पाणी आतल्या नळीच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर खाली असावं, तेही पूर्ण चार्ज झाल्यावर. आधी भरलं तर चार्जिंगच्या वेळी ॲसिड वर येऊन टर्मिनल खातं.

वर्षातून सात-आठ आठवडेच खांबाशिवाय राहणार असाल आणि गाडीत चांगल्या गोल्फ कार्ट बॅटऱ्या आधीच आहेत, तर त्याच ठेवा. फक्त ४०० वॅट सोलर जोडा. पूर्णवेळ राहून काम करणाऱ्यांनी तीन लिथियम, ८०० वॅट सोलर आणि लहान जनरेटर घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत पॅनेलं आडवी असतील तर दिवसाला हजारेक वॅट-तास कमी पडतात, म्हणजे जनरेटरचा सव्वा तास. मार्चपासून तो बहुतेक वेळ झाकूनच राहील. चौथी-पाचवी बॅटरी घेण्याआधी पाण्याकडे पाहा. दोघांना काटकसरीने दिवसाला सहा गॅलन लागतं, त्यामुळे ६० गॅलनची टाकी दहा दिवस जाते आणि ४० गॅलनची सांडपाण्याची टाकी त्याआधीच, सातव्या दिवशी भरते. तेव्हा गाडी हलवावीच लागते. क्वार्ट्झसाइटजवळच्या ला पोसासारख्या दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रात, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलच्या परवान्यावर, पाणी आणि टाकी रिकामी करायची सोय जवळच मिळते. बाहेरच्या मोकळ्या जमिनीवर सहसा १४ दिवसांची मर्यादा असते आणि जवळ नळ नसतो.

निघण्यापूर्वी घराच्या अंगणातच खांबाची केबल काढून तीन दिवस राहून पाहा. शंटवरचा आकडा रोज रात्री दहाला आणि सकाळी सातला लिहून ठेवा. दोन्हींमधला फरक हा तुमचा रात्रीचा खरा खर्च. बॅटऱ्या त्यावरूनच मोजून घ्या.